चार बोटांचं अंतर

गेली नऊ वर्षं मी घरी बसून इतरांचं बोलणं टाइप करते. इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या दोन-तीन वकिलांच्या ऑफिसांतून रेकॉर्डिंग येतात, ती ऐकून मी शब्दन् शब्द उतरवते. जबान्या, फोनवरची भांडणं, वडिलांच्या घरावरून एकमेकांना कोर्टात खेचणारी भावंडं. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की थांबतो आणि दोन सेकंद मागे जातो. सुट्टीत माहेरी गेले तेव्हा आईला ते दाखवलं, तर तिने आपल्या शिवणयंत्राकडे बघून म्हटलं, "म्हणजे तेच की."

मग एकदा पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं काम आलं. माणसाची ओळख पटेल असं इथे काहीच लिहिणार नाही, आणि गावाचंही नाव नाही.

डॅशकॅम म्हणजे काय असतो, हे मला तोवर बातम्यांत दिसे तेवढंच ठाऊक होतं. प्रत्यक्षात तो काचेमागे बसवलेला आणि समोरच बघणारा कॅमेरा. मान वळवता येत नाही. छतावरचे दिवे लावले की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि त्याआधीचं अर्धं मिनिटही जोडून येतं. पण बऱ्याच यंत्रणांत त्या अर्ध्या मिनिटाला आवाज नसतो. त्यामुळे माझ्या कागदाची पहिली ओळ असते "आवाज नाही". बोलणं टिपायला पोलिसाच्या पट्ट्याला किंवा खिशाला वेगळा वायरलेस माइक असतो. कॅमेरा गाडीत राहतो आणि माइक माणसाबरोबर चालत जातो. ही एवढीशी गोष्ट मला फार उशिरा कळली.

त्या रेकॉर्डिंगमध्ये नंबरप्लेटवरचा दिवा गेला म्हणून एक गाडी थांबवलेली. चालकाला खाली उतरायला लावलं, आणि दोन अधिकारी त्याला घेऊन उजवीकडे, चौकटीबाहेर गेले. पुढची जवळजवळ दोन मिनिटं पडद्यावर काय दिसतं? रिकामी गाडी, उघडं दार, टकटक करणारा इंडिकेटर. पावसाची भुरभुर. एकदा डाव्या कोपऱ्यातून एक मांजर गेलं.

आवाजात मात्र सगळं होतं. खडीवर घासणारे बूट, किल्ल्यांचा जुडगा, कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास अगदी माइकला चिकटून. "स्टॉप रेझिस्टिंग", प्रतिकार थांबव, हे चौदा वेळा. मी मोजले, कारण प्रत्येकापुढे वेळ लिहावी लागते. आणि त्याच्या खाली, दबलेल्या आवाजात, "मी नाही करत. हात माझ्या अंगाखाली अडकलाय." हे पाच वेळा.

मध्ये एक आवाज होता. मी आधी लिहिलं "ठोसा". मग खोडलं. आमच्या कामाचा नियम असा की आवाज लिहायचा, कारण नाही. ठोसा म्हटलं की मी कुणीतरी कुणाला मारल्याची साक्ष दिली. "धप्प" लिहिलं की पोतं पडल्यासारखं वाटतं. ऑफिसमधल्या मुलीला फोन केला, ती म्हणाली, "तुम्ही तिथे होतात का? मग 'जड आवाज' लिहा." मी सहा वेळा "जड आवाज" लिहिलं. तिचं बरोबर होतं, आणि तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नवव्या मिनिटाला एक अधिकारी दुसऱ्याला विचारतो, "तुझा चालू आहे का?" पुढची ओळ पुन्हा "आवाज नाही".

आपल्याकडे म्हणतात, डोळे आणि कान यांत चार बोटांचं अंतर. ऐकलेल्यावर जाऊ नका, पाहिलेल्यावर विश्वास ठेवा. त्या कामानंतर मी जुन्या गाजलेल्या प्रकरणांची रेकॉर्डिंग पुन्हा लावली, आणि ही म्हण मला उलटी दिसायला लागली.

टेक्ससमध्ये 10 जुलै 2015 ला सँड्रा ब्लँडला लेन बदलताना इशारा दिला नाही म्हणून थांबवलं. सिगारेट विझवायला सांगण्यावरून वाद पेटला, अधिकाऱ्याने टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, रोखून धमकी दिली. हे सारं दिसतं. पण तिला जमिनीवर पाडलं ते चौकटीबाहेर. तिथे फक्त आवाज आहे. तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. त्या अधिकाऱ्यावर खोटी साक्ष दिल्याचा आरोप ठेवला गेला, तो 2017 मध्ये मागे घेतला, आणि बदल्यात त्याने पुन्हा पोलिसात नोकरी करणार नाही असं कबूल केलं.

शिकागोतल्या लक्वान मॅकडॉनल्डचं याच्या नेमकं उलट. 20 ऑक्टोबर 2014 ची रात्र, सतरा वर्षांचा पोरगा, पोलिसाच्या सोळा गोळ्या. चित्र आहे, बोलणं नाही. अहवालांत लिहिलं होतं की तो चाकू परजत अंगावर येत होता. चित्रात तो बाजूला, दूर चालताना दिसतो. पाच गाड्यांमध्ये कॅमेरे होते, एकातही नीट बोलणं नाही. शहराने एप्रिल 2015 मध्ये कुटुंबाला 50 लाख डॉलर दिले, पण फूटेज बाहेर यायला 24 नोव्हेंबर उजाडला, तेही एका स्वतंत्र पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली दावा ठोकला आणि न्यायाधीशाने आदेश दिला म्हणून. गोळ्या झाडणाऱ्यावर खुनाचा आरोप त्याच दिवशी ठेवला गेला. तेरा महिने चित्र कपाटातच होतं, लोकांना दाखवायची वेळ आली तेव्हा आरोपपत्रही निघालं. 2018 मध्ये त्याला दोषी ठरवलं आणि पुढे पावणेसात वर्षांची शिक्षा झाली. तीनेक वर्षं भोगून तो सुटला.

ते फूटेज बाहेर आल्यानंतर शिकागो पोलिसांच्याच तपासणीची बातमी आली होती, की तिथल्या सुमारे 80 टक्के डॅशकॅममध्ये आवाज टिपलाच जात नव्हता. कुठे चुकीची हाताळणी, कुठे चक्क मुद्दाम केलेली मोडतोड. माइक गाडीच्या कप्प्यात पडलेले, बॅटऱ्या गायब. ज्यांनी ते माइक कप्प्यात टाकले त्यांना चार बोटांचं अंतर माझ्याआधी कळलं होतं. माझा राग कॅमेरा नसण्यावर राहिलेला नाही. कॅमेरे आले, पैसे खर्च झाले. पण माइक नसलेल्या गस्तीला गस्त म्हणून हजेरी का लागते? दिवा गेला म्हणून चालकाला थांबवणाऱ्या गाडीचा स्वतःचा माइक मेलेला असेल, तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर यायलाच नको.

सर्वोच्च न्यायालयातल्या 1989 च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यापासून इथला निकष असा की बळाचा वापर त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या जागेवरून तपासायचा, मागाहून शहाणपण लावून नाही. ठीक आहे. पण मग त्या क्षणी त्याच्या कानावर काय पडत होतं, हे तर हवंच ना? "हात अडकलाय" हे त्याला ऐकू गेलं होतं की नाही?

माझ्या त्या खटल्याचं काय झालं, मला माहीत नाही. फाइल पाठवली की पैसे येतात, निकाल येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा गाडी शिकला. त्याच्या वडिलांनी नेहमीचं शिकवलं: थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लाव. मी माझं घुसडलं. जे करशील ते मोठ्याने बोलून कर. "आता पाकिटासाठी खिशात हात घालतोय." कॅमेऱ्याला दिसणार नाही, माइकला ऐकू जाईल.

तो म्हणाला, "आई, फिलांडो कॅस्टीलने बोलूनच दाखवलं होतं."

खरं आहे. मिनेसोटा, 6 जुलै 2016. पोलिसांनी त्याची गाडी थांबवली होती. आपल्याकडे बंदूक आहे हे त्याने स्वतःहून, "सर" म्हणून सांगितलं. काढत नाहीये, हेही सांगितलं. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. सात गोळ्या, आणि तो गेला. ज्युरीने अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं, आणि ते रेकॉर्डिंग लोकांनी ऐकलं ते निकालानंतर चार दिवसांनी. ते सगळं स्पष्ट ऐकू येतं, पेडल सोडून मागे जावं लागत नाही.

"तरी बोल," मी म्हटलं. त्याने किल्ली घेतली आणि दारातून ओरडून सांगितलं, "आई, मी आता गाडी सुरू करतोय."