काटा नसलेला रेडिओ

जुन्या रेडिओची खरखर निदान वाट तरी दाखवायची. काटा सरकवत गेलं की जवळ आलोय का पुढे गेलोय ते कानाला कळायचं. डॅब, म्हणजे डिजिटल रेडिओत ती सोय नाही. लागला तर स्वच्छ, नाहीतर मुका. मधल्या अवस्थेत निवेदक गुळण्या करत बोलतोय असं वाटतं.

माझं रात्रीचं आवडतं स्टेशन आठवडाभर असंच गुळण्या करत होतं, मग यादीतूनच गेलं. ऑटो स्कॅन तीनदा केला. पण स्कॅनला घाई फार. त्या क्षणी सिग्नल अशक्त असला की तो थांबत नाही, पुढे जातो.

शेवटी मेनूत खोल दडलेलं मॅन्युअल ट्यूनिंग उघडलं. तिथे स्टेशनांची नावं नसतात, ५ए पासून १३एफ पर्यंत फ्रिक्वेन्सीचे ब्लॉक असतात. माझं स्टेशन ११डीवर, म्हणजे २२२.०६४ मेगाहर्ट्झ (पूर्वी एकदा माहितीचं बटण दाबून लिहून ठेवलं होतं, नशीब!). एका ब्लॉकमध्ये बरीच स्टेशनं एकत्र येतात. म्हणूनच त्या दिवशी बातम्यांचं स्टेशनही गेलं होतं, आणि मी उगाच रेडिओला बोल लावत होतो.

११डी निवडल्यावर पडद्यावर एक पट्टी आली. तिच्यात एक खूण असते, तिथवर भरली की आवाज. माझी दोन घरं कमी पडत होती. अँटेना मी खिडकीच्या पडद्यात अडकते म्हणून आडवी वाकवून ठेवलेली. डॅबच्या लहरी सहसा उभ्या सोडलेल्या असतात, त्यामुळे अँटेनाही उभीच हवी. सरळ केली, एक घर वाढलं. हात लावला की पट्टी खुणेपर्यंत भरायची, सोडला की उतरायची. रात्रभर अँटेना धरून कोण बसणार?

मग सहज शेजारचा मोबाइलचा चार्जर काढला. पट्टी खुणेच्या पुढे गेली, पाचेक सेकंदांत गाणं सुरू झालं आणि अख्खा ब्लॉक यादीत परत आला. तीन दिवस मी अँटेनाशी झुंजत होतो, आणि सिग्नलमध्ये गोंधळ घालणारा चोर वीतभर अंतरावर बसला होता.

आता फळीवर पेन्सिलीने रेडिओच्या पायांच्या खुणा केल्यात. पुसताना कुणी हलवला तर रात्री भांडण ठरलेलं.