चाळीस बिबडे आणि एक सीगल

मागच्या मंगळवारी दाराच्या फटीतून एक पत्र आत पडलं. घराची देखभाल पाहणाऱ्या कंपनीचं. भाषा गोड, अर्थ कडू. आपल्या अंगणात सीगलना खायला घातलं जातंय असं कळलंय, कृपया थांबवावं.

मी? खायला? त्या दरोडेखोराला?

झालं असं, की जूनमध्ये इथे इंग्लंडात, डेव्हनच्या किनाऱ्यावर सलग चार दिवस ऊन पडणार असल्याचा अंदाज आला आणि मला बिबड्यांची, म्हणजे आमच्या खानदेशी ज्वारीच्या पापडांची हुक्की आली. ज्वारी मागवली, भिजवली, वाटली, लसूण-जिरं-तीळ घालून घाटा शिजवला. त्यातला वाडगाभर तेल घालून तिथेच उभ्या उभ्या संपवला, ते सोडा. खाट कुठून आणणार? अंगणातल्या टेबलावर जुनी सुती ओढणी ओली करून पसरली आणि चाळीस बिबडे थापले. चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तो टेबलावर साहेब उभे, चोचीत बिबडा, आणि पाय माझ्या ओढणीवर.

घारापुरीच्या लाँचमागे गाठ्यांसाठी घिरट्या घालतात ते कुरव डोळ्यांसमोर आणू नका. हा हेरिंग गल. पंख पसरले की साडेचार फूट, डोळे पिवळे, चेहऱ्यावर वसुलीला आल्याचा भाव. चोचीवर एक लाल ठिपका असतो. पिल्लं त्यावर टोचा मारतात, मग आई-बाप घशातलं अन्न बाहेर काढून भरवतात. माझा बिबडा कुठल्यातरी छपरावर असाच वाटला गेला असणार. माय फोनवर म्हणाली, "मंग काठी लिसन बैस ना!"

काठी इथे चालत नाही, माय. १९८१च्या कायद्यानं या पक्ष्याला मुद्दाम इजा करणं गुन्हा आहे. वापरातलं घरटंही मोडता येत नाही. समोरच्या घराच्या धुराड्याशेजारी एक जोडपं दर वर्षी घरटं करतं. पिल्लं उतरली की जून-जुलैत सगळ्या गल्लीवर त्यांचं राज्य. गेल्या वर्षी पोस्टमन आठवडाभर छत्री उघडून येत होता, पाऊस नसताना. घरमालक नुसता वर बघून उसासे टाकतो. चिडचिड होते, पण मनातून कौतुकही वाटतं. त्यात हा पक्षी इथे २००९पासून लाल यादीत, म्हणजे संख्या चिंताजनकपणे घटलेला. माझ्या टेबलावर त्याची घट काही जाणवली नाही.

कौतुक करताना लगेच मनात येतं, यात विशेष काय? आमच्या घरी आजोबांच्या फोटोमागे चिमणीचं घरटं होतं, तर मोठ्या मायनं भर मे महिन्यात पंखा लावू दिला नव्हता. भुसावळचा मे! पंचेचाळीस अंशांत आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो होतो, कायदा-बियदा काही नसताना. आता हेही कबूल करते की हुरड्याच्या दिवसांत मळ्यात माचावरून गोफण फिरवणारे काका त्याच घरातले. पण गोफणीच्या आवाजानंच पाखरं उडतात, दगड लागतो थोडाच.

खरा राग वेगळाच आहे. शेजारच्या आजीबाईंनी अंगणात पाखरांसाठी तीन फीडर टांगलेत. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, शेंगदाणे, वाळवलेल्या अळ्या. एवढ्या पैशांत आपल्याकडे महिन्याचं तेल येईल. रॉबिन आला की त्या स्वयंपाकघरातून कुजबुजत हाका मारतात. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तासभर खिडकीत बसून पक्षी मोजतात. देशभर लाखो लोक मोजतात, १९७९पासून. दर आठवड्याला फीडर गरम पाण्यानं धुतात, कारण घाणेरड्या फीडरमधून रोग पसरतो आणि त्यानं इथले ग्रीनफिंच फार मेले. (आमच्या गच्चीवरचं पाण्याचं परळ कधी घासल्याचं मला आठवत नाही.) त्यांना पत्र नाही. रॉबिनला मेजवानी आणि सीगलसाठी किनाऱ्यावर 'खायला घालू नये' अशा पाट्या! रॉबिन गोड दिसतो, एवढाच काय तो फरक. हो, रॉबिन कुणाच्या हातातले चिप्स पळवत नाही, हेही आहे.

आणि मी तर घातलंच नव्हतं. तसं उत्तर लिहिलं, चार ओळींत. चोरी झालेल्याला दानाचा आरोप, असं काहीतरी लिहायचं होतं, पण इंग्रजीत ते जमेना.

मग त्याच आजीबाईंनी कुंपणावरून युक्ती सांगितली. त्याच्याकडे टक लावून बघ. मला वाटलं थट्टा करतायत. पण इथून जवळच्या एक्सेटर विद्यापीठानं २०१९ साली हे तपासलं होतं. चिप्सची पिशवी जमिनीवर ठेवायची आणि गलच्या डोळ्यांत बघायचं. माणूस बघत असला तर तो सरासरी २१ सेकंद उशिरा पिशवीपाशी पोचला. बरेच तर फिरकलेच नाहीत.

अगं बाई, हे तर आमचं सुट्टीतलं काम! गच्चीवर खाटेशेजारी बसायचं आणि कावळ्यांवर नजर ठेवायची. मजुरी वाटीभर घाटा. डुलकी लागली की कावळा आलाच, आणि खालून मोठ्या मायची हाक, "झोपनी का व?" तेव्हा कुणी सेकंद मोजले नाहीत, नाहीतर नाव आमचं झालं असतं.

या शनिवारी पुन्हा चाळीस घातले. खुर्ची टाकून, गॉगल काढून बसले. साहेब भिंतीवर येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मान वाकडी करून एका डोळ्यानं बघतो तो, हिशेब तपासल्यासारखा. अर्ध्या तासानं उतरला तो पलीकडच्या गवतावर, आणि तिथे पाय आपटत नाचायला लागला. पावसाचा भास होऊन गांडुळं वर येतात म्हणे. भुकेला होता बिचारा.

वाळायला चार दिवस लागले, भुसावळला दोन दुपारींत झाले असते. संध्याकाळी मायनं विचारलं, कितले भरले?

अडतीस.

दोन वाऱ्यानं उडून भिंतीपलीकडे पडले. वारा इथे फार असतो.