सर्टिफिकेट हातात आहे, पण हिरा तोच कशावरून?

मुलाच्या साखरपुड्यात सुनेला हिऱ्याची अंगठी घालायची ठरलं, तेव्हा मला धास्ती होती ती सर्टिफिकेट वाचण्याची. ते दोन संध्याकाळी बसून जमलं. पुढचे तीन आठवडे मात्र एकाच प्रश्नात गेले आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुकान आमच्या ठाण्यातलंच, ओळखीचं. सुटा हिरा पसंत केला. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचा रिपोर्ट, म्हणजेच ते सर्टिफिकेट. गोल ब्रिलियंट, वजन ०.५० कॅरट, रंग एफ, शुद्धता व्हीएस१, कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट, फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात चमकणं) नन, म्हणजे नाही. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट, म्हणजे आमचा हिरा पन्नास सेंटचा. रंगाची पट्टी डी पासून झेड पर्यंत जाते. डी, ई, एफ हे रंगहीन, जी पासून जे पर्यंत जवळजवळ रंगहीन. शुद्धता १० पट भिंगाखाली ठरते, आणि व्हीएस१ मधला दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रिपोर्टवर किंमत कुठेच नसते, ती दुकानदार ठरवतो. रिपोर्टचा नंबर जीआयएच्या साइटवर घातला, सगळं जुळलं. निम्मे पैसे भरून आम्ही निर्धास्त घरी आलो.

बारा दिवसांनी अंगठी तयार झाली. मुलाने बंद कोंदण निवडलं होतं, हिऱ्याभोवती सोन्याची अखंड कड. दिसायला फार सुरेख. मी म्हटलं, "आता तो नंबर दाखवा." रिपोर्टचा नंबर हिऱ्याच्या गर्डलवर, म्हणजे कंबरेच्या बारीक कडेवर, लेझरने कोरलेला असतो. सेल्समनने अंगठी फिरवून बघितली आणि म्हणाला, "काकू, तो कोंदणाच्या आत गेला. पण हिरा तोच आहे, सर्टिफिकेट दिलंय ना तुम्हाला."

इथे मी अडले. सर्टिफिकेट एका हिऱ्याचं वर्णन करतं. तो हिरा या अंगठीत आहे हे ते कुठून सांगणार? कागद आणि खडा यांना बांधणारी एकच गोष्ट म्हणजे तो नंबर, आणि तोच सोन्याखाली गाडलेला. हे मी तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांना समजावून सांगितलं. पहिल्याने टेस्टर आणला, खड्याला टेकवला, टुंग वाजलं. "बघा, खरा हिरा." त्या यंत्राला कळते ती उष्णता किती भरकन वाहते एवढंच. लॅबमध्ये वायूपासून वाढवलेला (सीव्हीडी) हिराही तसाच वाजतो, कारण तोही हिराच आहे. दुसऱ्याने हॉलमार्क दाखवला. हॉलमार्क आणि दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर सोन्याची शुद्धता सांगतात, खड्याबद्दल एक शब्द नाही. तिसऱ्याने दुकानाचं स्वतःचं गॅरंटी कार्ड पुढे केलं. त्यावर "ईएफ-व्हीव्हीएस" छापलेलं, म्हणजे रंग ई किंवा एफ आणि शुद्धता व्हीएसच्याही वरची. माझा हिरा तर रिपोर्टप्रमाणे व्हीएस१! सगळ्या गिऱ्हाइकांना तेच छापील कार्ड देतात म्हणे. अशा कार्डाला सर्टिफिकेट समजू नका.

मग मालक म्हणाले, दुसऱ्या लॅबकडून दागिन्याचा रिपोर्ट करून देतो. चौकशी केली. जीआयए असा ग्रेडिंग रिपोर्ट फक्त सुट्या हिऱ्याचाच देते. जडवलेला दागिना तपासणाऱ्या लॅब आहेत, पण खडा कोंदणात असताना त्याचं वजन काट्यावर घेता येत नाही, मापांवरून काढतात, आणि सोन्याची झाक पडत असल्याने रंगही नेमका एक अक्षर न देता ई-एफ असा जोडीने देतात. मी पैसे मोजले होते एका ठरावीक हिऱ्याचे, त्याच्यासारख्या दिसणाऱ्याचे नाही. "कोंदण उघडा," एवढंच माझं मागणं.

कारागीर गावी गेलाय, बंगालला. आला, पण हात रिकामा नाही. मंगळवारी या. मंगळवारी दुकान बंद! मुलगा म्हणायला लागला, "अगं आई, जाऊ दे ना, ओळखीचे आहेत ते." तेव्हा मला खरंच एकटं वाटलं. साखरपुडा नऊ दिवसांवर आल्यावर मी उरलेले पैसे देणार नाही असं शांतपणे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

समोर बसून कोंदण उघडून घेतलं. हिरा काट्यावर ठेवला, ०.५०. मापं घेतली, व्यास ५.०९ ते ५.१२, उंची ३.१४ मिलिमीटर, रिपोर्टवरच्यासारखीच. मग भिंग. सुरुवातीला नुसतं धुकं दिसलं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं, दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे, दुसरा डोळा मिटायचा नाही आणि हिरा बोटभर अंतरावर आणायचा, मग दिसतं. कड हळूच फिरवली आणि पैलूंच्या मधल्या त्या बारीक पट्टीवर राखाडी अक्षरं उगवली, जीआयए आणि पुढे आकडे. एकेक आकडा मी मोठ्याने वाचला, मुलाने कागदावर बोट ठेवून जुळवला. तोच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जी गोष्ट दहा मिनिटांत दाखवता येत होती तिच्यासाठी तीन आठवडे!

नवं कोंदण मी चार दातांचं, म्हणजे सोन्याच्या चार नख्यांनी हिरा धरणारं, करून घेतलं आणि नंबर दोन दातांच्या मध्ये येईल असा खडा बसवायला लावला. मजुरी पुन्हा मागत होते, दिली नाही. तुम्ही हे आधीच करा. जडवण्यापूर्वी सुट्या हिऱ्यावर नंबर वाचा, जडवल्यावर पुन्हा वाचा, आणि बंद कोंदण हवंच असेल तर बसवताना समोर बसा.

आता आठवलं म्हणून सांगते. चौकोनी किंवा ओव्हल हिऱ्याच्या जीआयए रिपोर्टवर कटची श्रेणी नसते, ती फक्त गोल ब्रिलियंटला मिळते, तेव्हा "कट लिहिलाच नाही" म्हणून घाबरू नका. आमच्या छोट्या डॉसियर रिपोर्टवर दोषांचा नकाशाही नव्हता, तो त्या प्रकारात नसतोच. रिपोर्टच्या शीर्षकात "लॅबोरेटरी-ग्रोन" आहे का ते सगळ्यात आधी बघा, दरात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि बिल. ग्रॉस वजन ३.४२० ग्रॅम होतं, त्यातून हिऱ्याचा ०.१०० वजा करून सोन्याचा दर ३.३२० वर लागला पाहिजे. पहिल्या बिलात तो पूर्ण ३.४२० वर लावला होता, आणि हिऱ्यापुढे नुसतं "डायमंड १ नग" लिहिलं होतं. वजन, रंग, शुद्धता आणि रिपोर्टचा नंबर घालून नवं बिल छापून मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.