कॅट काढला, मोजलं आणि परत बसवला

माझी बाइक सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शनची, युरो ५ या युरोपातल्या प्रदूषण नियमांच्या काळातली. घेतल्यापासून तिचं एकच दुखणं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडून पुन्हा हलकी दिली की झटका बसायचा. ३,००० ते ४,००० आरपीएमच्या पट्ट्यात गाडी अडखळायची, ५,००० नंतर सुरेख पळायची. गर्दीतल्या संथ रस्त्यावर तर मनगट दुखून यायचं.

ज्याला विचारावं तो एकच सांगे: ‘कॅट काढून टाक, नियमांनी इंजिनाचा गळा आवळलाय.’ कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग. मला ते पटलं, कारण माझी आधीची गाडी कार्ब्युरेटरची होती. तिच्यात मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठं टाकलं, मंद चालीचं मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतला की त्याच दिवशी फरक जाणवायचा. नवी गाडीही तशीच ऐकेल असं मी धरून चाललो.

मग कॅट नसलेली फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पूर्ण एक्झॉस्ट, घेतली. सोबत ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच्या वायरमध्ये बसणारी एक छोटी डबी. ही डबी सेन्सरचा सिग्नल सरकवते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, आहे असं वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारा सेकंडरी एअरचा मार्गही पत्रा लावून बंद केला. एका रविवारी सगळं घरीच बसवलं. आवाज भारदस्त झाला, वजन चार किलोने उतरलं, आणि पहिला आठवडा मी खूश होतो.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. कपड्यांना न जळलेल्या पेट्रोलचा वास यायचा, मागे बसणाऱ्याच्या तर डोळ्यांतून पाणी यायचं. मायलेज ३४ वरून २७ वर आलं. स्पार्क प्लग काढला तर टोक काजळीने काळंकुट्ट. प्रदूषण तपासणीत गाडी नापास झाली: आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के, हायड्रोकार्बन १,३०० पीपीएम. आणि ज्या झटक्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो होता तिथेच होता.

या टप्प्यावर मी डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, असलेल्या एका ट्यूनरकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी मोजू या, मग ठरवू.” दोन रन घेतले, एक माझ्या सिस्टीमवर आणि एक मूळ पाइप लावून, डबीशिवाय. वरच्या टोकाला मला १.६ एचपी जास्त मिळत होते. पण ३,००० ते ४,५०० च्या पट्ट्यात, म्हणजे मी रोज जिथे गाडी चालवतो तिथेच, टॉर्क मूळ पाइपपेक्षा कमी होता. पाइपची लांबी आणि व्यास बदलला की एक्झॉस्टच्या लहरी वाल्व्हपाशी परत येण्याची वेळ बदलते. माझी सिस्टीम वरच्या आरपीएमसाठी बनवलेली होती.

त्यांनी जे समजावलं ते मला फार आधी कळायला हवं होतं. थ्री-वे कॅट तीन विषारी गोष्टी एकाच वेळी हाताळतो: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स. पहिल्या दोन जाळायला ऑक्सिजन लागतो, तिसऱ्यातून ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. दोन्ही कामं एकत्र होतात ती हवा-पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणून साध्या चालीत ईसीयू ओटू सेन्सरकडे बघून मिश्रण सतत किंचित रिच (पेट्रोल जास्त), किंचित लीन असं झुलवत ठेवतो. पूर्ण रेसवर तो हे सोडून देतो आणि साधारण १३ च्या जवळ, ताकदीच्या मिश्रणावर जातो. माझ्या गाडीचा पूर्ण रेसचा भाग कंपनीने आधीच १२.९ वर ठेवला होता. तिथे मिळवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतंच.

नियम किती घट्ट झालेत तेही आकड्यांत बघण्यासारखं आहे. २००६ च्या युरो ३ मध्ये १५० सीसीच्या वरच्या बाइकला किलोमीटरमागे ३०० मिलिग्रॅम हायड्रोकार्बन चालत. २०२० च्या युरो ५ मध्ये ती मर्यादा १०० वर आली, कार्बन मोनॉक्साइड २,००० वरून १,००० मिलिग्रॅमवर आणि नायट्रोजन ऑक्साइड्स १५० वरून ६० वर. एवढं नुसते जेट बदलून कधीच साधलं नसतं.

मग माझा झटका कशाचा होता? रेस सोडून गाडी धावत असताना ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो. पुन्हा रेस दिली की पेट्रोल सुरू होतं, पण त्यातलं काही आधी इनटेकच्या भिंती ओल्या करण्यात जातं, म्हणून पहिला क्षण लीन असतो आणि पाठोपाठ धक्का. त्यात रेसची केबल ढिली आणि चेन सैल असेल तर तो धक्का दुप्पट वाटतो. माझ्याकडे दोन्ही होतं. कॅटचा यात काही संबंध नव्हता.

त्यांनी रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढून मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) बनवायला किंवा सेन्सरचे बिघाड दाखवणारे कोड बंद करायला स्पष्ट नकार दिला. हे काम करणारे आता का कचरतात तेही सांगितलं. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणं आणि त्यासाठीची उपकरणं विकणं, दोन्ही बेकायदेशीर आहे. २०१६ मध्ये हार्ली-डेव्हिडसनने अशाच ट्यूनर उपकरणांच्या प्रकरणात १.२ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. २००८ पासून विकलेली जवळपास ३,४०,००० उपकरणं त्या प्रकरणात होती. कॅलिफोर्नियात बाहेरच्या पार्टला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक मिळवता येतो, तो असेल तर पार्ट रस्त्यावर चालतो. युरोपात सायलेन्सरवरचा ई-मार्क, म्हणजे मंजुरीचा शिक्का, बघतात. ‘फक्त रेसिंगसाठी’ असं छापलेलं माझ्या पाइपच्या खोक्यावरही होतं, मी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मूळ हेडर (इंजिनाला जोडणारा पहिला पाइप) आणि कॅट परत बसवला, डबी काढली, सेकंडरी एअर मोकळी केली. वाटलं, संपलं. तपासणीला गेलो तर पुन्हा नापास, कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के! फार निराश झालो, कॅटच जळला की काय असंही वाटलं. पण कारणं दोन होती. एक, मी हेडरचं जुनं गॅस्केट परत वापरलं होतं. तिथून प्रत्येक लहरीबरोबर थोडी हवा आत ओढली जात होती, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसत होता आणि लीन समजून ईसीयू पेट्रोल वाढवत होता. दुसरं, डबी असतानाच्या आठवड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेली दुरुस्ती तशीच साठलेली होती. कोणी पाइप परत बदलणार असेल तर हे लक्षात ठेवा: नवं गॅस्केट घाला आणि शिकलेली मूल्यं रीसेट करून घ्या. तपासणीआधी गाडी चांगली वीस मिनिटं चालवा, कारण कॅट अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही.

खऱ्या ट्यूनिंगचं काम यानंतर झालं. टॅपेट (वाल्व्हची फट) तपासले, एक्झॉस्टचा घट्ट निघाला, तो मापात आणला. थ्रॉटल बॉडी साफ केली, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं शून्य बघितलं, केबलची ढील दोन मिलिमीटरवर आणली, चेन मापात बसवली. या पायरीने एकट्यानेच निम्मा झटका गेला. उरलेल्यासाठी ट्यूनर म्हणाले, “कंपनीच्या सर्व्हिसमध्ये विचारा, या मॉडेलचा नवा मॅप आलाय का.” आला होता. रेस सोडल्यावर पेट्रोल परत सुरू करण्याची पद्धत त्यात सौम्य केलेली होती, आणि तो मंजूर मॅप असल्याने कुठलाही नियम मोडायचा नव्हता. शेवटी कॅटच्या मागे लागणारा ई-मार्कवाला स्लिप-ऑन सायलेन्सर घेतला. त्याने एचपी वाढला नाही, दीड किलो वजन मात्र कमी झालं आणि आवाज थोडा खोल झाला, तेवढं मला पुरलं.

तिसऱ्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, हायड्रोकार्बन ९० पीपीएम. मायलेज ३५. दुसऱ्या गिअरमध्ये, ३,००० च्या खाली, रेस सोडून पुन्हा दिली तर गाडी आता नुसती पुढे सरकते. डायनोचे ते दोन आलेख मी छापून ठेवलेत, एकावर एक ठेवून. कोणी कॅट काढायचं म्हणालं की आधी तेच समोर ठेवतो.