गौरीच्या जुडीतला पांढरा तेरडा

गौरी आवाहनाच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावरून आणलेली तेरड्याची जुडी आई परातीत सोडत होती. दहा-बारा गुलाबी रोपांत एक पांढऱ्या फुलांचे निघाले. ‘हे कुणाच्या तरी बागेतले’ असा निकाल देऊन तिने ते बाजूला ठेवले. मला तो निकाल पटला नाही, कारण मागच्याच आठवड्यात पन्हाळ्याच्या उतारावर, जिथे बाग करायला कुणी गेलेले नाही, तिथल्या गुलाबी ताटव्यात असेच एक पांढरे रोप मी पाहिले होते.

दोन्ही रोपे शेजारी धरल्यावर दिसले, की फरक फुलापुरता नव्हता. गुलाबी तेरड्याची दांडी पेरापेरांशी लालसर होती, पांढऱ्याची मात्र मुळापर्यंत काकडीच्या गरासारखी फिकट हिरवी. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. ती तयार होण्याच्या साखळीतला एखादा जनुक निकामी झाला, की फूल पांढरे उमलते आणि पुष्कळदा दांडीही कोरी राहते. घाणेरीची पिवळी फुले वय वाढेल तशी गुलाबी-लाल होतात, हायड्रेंजियाचा रंग मातीच्या आम्लतेवर पालटतो. तेरड्याचे तसे नाही, त्याचा रंग बियाण्यातूनच येतो. मेंडेलने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी फुले रंगीत आली, पण दुसऱ्या पिढीतल्या 929 झाडांपैकी 224 पुन्हा पांढरी निघाली. पांढरा रंग मधली एक पिढी नुसता दडून बसला होता.

दडून बसणे समजते. पण रानात, जिथे कुणी निवड करत नाही, तिथे दोन रंग पिढ्यान्‌पिढ्या शेजारी कसे नांदतात, हा प्रश्न मला अधिक मोहात पाडतो. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात लिनँथस नावाचे बोटभर उंचीचे रोप आहे, कुठे निळे, कुठे पांढरे. रंगांची ही वाटणी निव्वळ योगायोगाची, असे एकेकाळी मानले जाई. पुढे 11 वर्षे मोजदाद झाली, तेव्हा बी कमी धरणाऱ्या वर्षांत निळ्यांची सरशी आणि भरघोस वर्षांत पांढऱ्यांची, असे दिसले. युरोपातल्या एका आमरीची (ऑर्किडची) तऱ्हा आणखी मजेशीर आहे. तिच्या पिवळ्या आणि जांभळ्या फुलांत मध नसतोच; एका रंगाकडून फसलेला भुंगा दुसऱ्या रंगाकडे वळतो, त्यामुळे जो रंग संख्येने कमी, त्याचेच फावते. आपल्या तेरड्याच्या फुलामागच्या शेपटीत मात्र मध असतो, म्हणून आमरीचे गणित त्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. शिवाय रंगद्रव्याच्या भाऊबंदांतली काही द्रव्ये उन्हाशी आणि कुरतडणाऱ्या किड्यांशी झुंजायला उपयोगी पडतात, म्हणजे रंगाचा हिशेब मधमाशीपाशीही संपत नाही.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीने या झाडावर अन्यायच केला आहे. तीन दिवसांनी कोमेजते ते फूल; रंग बियाण्यातून पुढे जातोच.

विसर्जनाच्या सकाळी, बाजूला ठेवलेल्या त्या रोपाचे एक भरलेले बोंड बोट लागताच फुटले आणि बिया फरशीभर उडाल्या. ‘आता वेच’, आई म्हणाली. नऊ सापडल्या. झाड पांढरे असले तरी पराग शेजारच्या गुलाबीचा उतरला असेल, तर फुले बहुधा गुलाबीच येतील. कुंडी मी आत्ताच भरून ठेवली आहे.