मला कोणता दाखला मिळणार?

२०२२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. एनआयआरएफची, म्हणजे देशातल्या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीची, माहिती भरायची मुदत जवळ आली होती आणि आमच्या कॉलेजची आयक्यूएसीची, म्हणजे गुणवत्ता कक्षाची, खोली संध्याकाळनंतरही उघडी राहत होती. मी रसायनशास्त्र शिकवतो. या कामाचा नोडल अधिकारीही मीच. सांगलीतलं आमचं कॉलेज जुनं, अनुदानित. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेलेल्या नाहीत, त्यामुळे निम्मे तास सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात.

केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. निकष पाच: अध्यापन आणि साधनसामग्री, संशोधन, पदवीनंतर मुलांचं काय झालं, सर्वसमावेशकता आणि लोकांच्या मनातली प्रतिमा. विद्यापीठांच्या यादीत पहिल्या दोहोंना ३०-३० टक्के वजन आहे. महाविद्यालयांच्या यादीत एकट्या अध्यापनाला ४०. या अध्यापनाच्या १०० गुणांपैकी ३० शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तराचे. म्हणजे एकूण शंभरातले १२ गुण फक्त एका भागाकारावर ठरतात, आणि यादीत शेजारी असलेल्या दोन कॉलेजांत बऱ्याचदा दशांशाचाच फरक असतो. त्यामुळे शिक्षकांची यादी हा फॉर्मचा सगळ्यात नाजूक भाग. प्रत्येकाचं नाव, वय, पदवी, रुजू झाल्याची तारीख, महिन्यांत मोजलेला अनुभव आणि नेमणुकीचा प्रकार: नियमित, अ‍ॅडहॉक (तात्पुरता) की व्हिजिटिंग (पाहुणा). दोन्ही सत्रांत पूर्णवेळ शिकवलेला कंत्राटी शिक्षक धरता येतो. आठवड्याला ९ तासिकांची मर्यादा असलेला सीएचबीचा शिक्षक या व्याख्येत बसत नाही.

संस्थेनं त्या वर्षी एक सल्लागार नेमला होता. यादी पाहून त्यानं सहज सांगितलं, ‘‘सीएचबीवाले अ‍ॅडहॉकमध्ये टाका. सगळे टाकतात. गुणोत्तर लगेच सुधारेल.’’ प्राचार्य काही बोलले नाहीत. अनुभवाचे महिने भरायला हवेत म्हणून आम्ही त्या सगळ्यांना कागदपत्रं घेऊन बोलावलं.

त्यात मराठी विभागाच्या एक मॅडम होत्या. तासगावहून एसटीनं यायच्या, सकाळचे तास आटोपून दुपारी दुसऱ्या कॉलेजवर जायच्या. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा झालेल्या, पीएचडी झालेल्या. त्यांनी कागद वाचला, ‘अ‍ॅडहॉक, पूर्णवेळ’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि उभ्याउभ्याच विचारलं,

‘‘सर, पगारपत्रकावर मी तासिका तत्त्वावर आणि दिल्लीला जाणाऱ्या यादीत पूर्णवेळ? उद्या मुलाखतीसाठी अनुभवाचा दाखला मागितला, तर मला कोणता दाखला मिळणार?’’

खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं. सल्लागार म्हणाला, ‘‘मॅडम, हे फक्त रँकिंगपुरतं आहे.’’

‘‘मग दुपारच्या कॉलेजनंही रँकिंगपुरतं लिहिलं तर? मी एकाच वेळी दोन ठिकाणी पूर्णवेळ?’’

त्यांचा आवाज चढला नव्हता. सही मात्र त्यांनी केली नाही.

मला त्या क्षणी अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ आठवलं. ते प्रकरण त्याच वर्षी गाजलं होतं. यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या अमेरिकी विद्यापीठांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. तिथल्याच गणिताच्या मायकेल थॅडियस या प्राध्यापकानं आपल्या विद्यापीठाची उघड उपलब्ध असलेली आकडेवारी तपासली आणि लिहिलं की वर्गांचा आकार, पूर्णवेळ अध्यापकांचं प्रमाण असे अनेक आकडे जुळत नाहीत. पुढच्या यादीत विद्यापीठ अठराव्या क्रमांकावर आलं. तिथं काय आणि इथं काय, अडचण एकच. सूत्र कितीही काटेकोर असो, त्यात घातलेला आकडा एखाद्या खोलीत बसून कुणीतरी लिहिलेला असतो. तो खरा आहे की नाही हे शिकवणाऱ्यालाच आधी कळतं.

क्रमवारीच नको, असं मी म्हणत नाही. जगातल्या विद्यापीठांची शांघायची यादी ३० टक्के वजन माजी विद्यार्थी आणि अध्यापकांच्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना देते. ती आमच्यासाठी नाहीच. क्यूएसच्या जागतिक यादीत अभ्यासकांच्या मतांना अनेक वर्षं तब्बल ४० टक्के वजन होतं. तिथंही आमच्यासारख्यांचं नाव कोण घेणार? एनआयआरएफमध्ये निदान शिक्षक मोजले जातात, पुस्तकांवरचा खर्च मोजला जातो, आणि भरलेली माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. सांगलीतल्या एखाद्या पालकाला अमुक इतक्या मुलांमागे कायमचे शिक्षक किती, हे विचारायला दुसरी सोपी जागा नाही. तोच आकडा फुगवला तर या सगळ्या खटाटोपातला एकमेव उपयोगाचा भाग आपणच पुसून टाकतो. शिवाय सरकारला जागा भरा म्हणून पत्रं लिहायची आणि त्याच सरकारला आमच्याकडे शिक्षक पुरेसे आहेत असं कळवायचं, हे मला कधीच पटलं नसतं.

मी प्राचार्यांना एवढंच म्हणालो, ‘‘सर, ही यादी संकेतस्थळावर जाणार. मॅडमही ती वाचतील, त्यांचे विद्यार्थीही.’’ त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘सीएचबीची सगळी नावं काढा.’’

नावं निघाली तसं गुणोत्तर कोसळलं. सल्लागार नाराज होऊन गेला. पहिल्या शंभरात आम्ही आलो नाही. ती नावं ठेवून आलो असतो का, याचा विचार मी केलेला नाही.

त्या यादीचा उपयोग पुढे झाला तो वेगळाच. रिक्त पदांचा प्रस्ताव पाठवताना प्राचार्यांनी तीच पानं जोडली आणि शेजारी सीएचबीच्या तासांचा वेगळा तक्ता दिला: विषय, तास, किती वर्षांपासून. मराठीच्या रकान्यात मॅडमचं काम पहिल्यांदा एका सरकारी कागदावर जसंच्या तसं उतरलं. त्यांनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली. जागा अजून मंजूर झालेल्या नाहीत. प्रस्ताव दरवर्षी पुन्हा जातो, आणि तक्ता मीच करतो.