सेफ्टी नव्हती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, आणि माझ्याही रिव्हॉल्व्हरमधून एकदा घरात गोळी सुटली होती हे ठाऊक असलेले, दुकानात येणारे सगळे तेव्हापासून हेच विचारतात: "शेठ, तुमच्या रिव्हॉल्व्हरला सेफ्टी नव्हती का?"

पिस्तुलाला असतो तसा, चुकून गोळी सुटू नये म्हणून लावायचा बाहेरचा सेफ्टीचा खटका बहुतेक रिव्हॉल्व्हरना नसतोच. जी काही सोय असते ती आत. जुन्या धाटणीच्या हत्यारात घोड्याचं, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीचं, टोक थेट काडतुसावर टेकायचं. घोड्यावर आपटलं की बार. म्हणून सिलिंडरमधलं घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवून सहाऐवजी पाचच काडतुसं भरायची रीत पडली. पुढे घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये पट्टी आली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरला ती आहे. त्या रात्रीही होती.

"हातातून पडलं आणि सुटलं," असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पोलिसांना दिलेल्या जबाबातही तेच. ते खरं नाही.

दुकान बंद करून घरी आलो होतो. रिव्हॉल्व्हर माजघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचं आणि जेवण झाल्यावर काडतुसं काढायची, असा माझा क्रम. आधी काडतुसं काढायला हवीत हे मला ठाऊक होतं. फोन वाजला, मी मान वळवली, रिव्हॉल्व्हर फळीवरून घसरलं आणि मी ते झेललं. झेलताना मुठीसोबत चापही आवळला गेला. कान बधिर झाले. आई खाली बसून वाती वळत होती. गोळी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर तांदळाच्या डब्यात शिरली. भोकातून तांदळाची बारीक धार लागली. आई माझ्याकडे न बघता त्या धारेखाली ओंजळ धरून बसली. ओंजळ भरली, सांडू लागली, तरी धरूनच.

पडू दिलं असतं तर पट्टीनं तिचं काम केलं असतं.

तेव्हापासून मी पाचच काडतुसं भरतो. लोक वाखाणतात, पण त्या रात्री त्याचाही उपयोग झाला नसता. चाप ओढला की सिलिंडर फिरतं आणि पुढचं भरलेलं घर घोड्याखाली येतं. तरी एक रिकामं ठेवतोच.

मग बाळगताच कशाला, असं लगेच म्हणू नका. रात्री दागिन्यांची पिशवी घेऊन घरी येणाऱ्याची भीती तुम्हाला ठाऊक नाही. तिशीतला मी म्हणायचो, "मी काडतुसं भरेपर्यंत दरोडेखोर थांबणार आहेत का?" त्याला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. रिकामं रिव्हॉल्व्हर गादीवर मुद्दाम पाडून हात मागे घ्यायचा सराव करतो. हात अजूनही पुढे जातो.

निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. पावती घेऊन आलो की आई विचारते, "दिलंस?" हो म्हटलं, की कपाटाजवळच्या तिच्या जुन्या जागी येऊन वाती वळायला बसते. एरवी ती तिथे बसत नाही.